भिंतीवरच्या चित्राला मिळालेली भेट

चित्रे काढण्याचा नाद असलेल्या मुलाला किंवा मुलीला वाढदिवसाला काय द्यावे, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. बहुधा रंगांची मोठी पेटी आणली जाते. ती चार दिवस मिरवते आणि दहावीचे वर्ष उजाडले, की चित्रवहीसकट माळ्यावर जाते. दापोली तालुक्यातील हर्णे बंदराकडे पाहिले, तर चित्रकाराच्या डोळ्याला तेथे कशाचीही वानवा नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे, काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहे. पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो, रंगीत होड्या लाटांवर डुलत असतात, टोपल्यांची आणि माणसांची लगबग चालू असते. हे सारे पाहून वहीत उतरवणारी मुलेही अशा गावांत असतात. उणीव भासते ती त्या मुलांकडे थांबून पाहणाऱ्या मोठ्या माणसाची.

कोकणच्या याच किनाऱ्यावर, हर्णेपासून उत्तरेला, अलिबागच्या पुढे सासवणे नावाचे लहानसे गाव आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या गावातील एका मुलाने देवळाच्या भिंतीवर एक चित्र काढले. ते एका माणसाने पाहिले आणि त्या मुलाला आयुष्यभर पुरेल अशी भेट दिली. हा मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहिलेला नाही, असा पुणेकर विरळाच. मात्र त्या पुतळ्यामागचा माणूस आणि त्या माणसाला घडवणारी भेट, या दोन्ही गोष्टी नव्या पिढीला फारशा ठाऊक नसतात.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवण्यात झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरे आणि पलीकडे समुद्र, असे हे गाव. आजच्या रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत आणि त्याचे मुख्य ठाणे अलिबाग होते. मुंबई समुद्रमार्गे जवळ असली, तरी खेड्यातील शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ती फार दूरची नगरी होती. कलाशाळा म्हणजे काय, तेथे कोण जातो आणि शिकून पुढे काय करतो, याची कल्पना गावात कोणाला असण्याचे कारण नव्हते.

घरात मात्र कलेचे वारे होते. वडिलांना कलेची आवड होती आणि घरी गणपतीच्या मूर्ती घडत असत. कोकणातील मुलाला शिल्पकलेचा पहिला धडा मिळतो तो बहुधा असाच. आषाढ सरता सरता माती भिजत पडते, ती तुडवून एकजीव केली जाते, पाटावर बैठक साधली जाते आणि बघता बघता सोंड, कान, हात आकाराला येतात. मातीत पाणी किती हवे, हाताचा दाब कोठे वाढवावा आणि कोठे आवरावा, मूर्तीचा तोल कशाने राहतो, या गोष्टी पुस्तकातून समजत नाहीत. विनायकाच्या बोटांना त्या नकळत्या वयात कळल्या. चित्र काढायला कागद हवाच, असे त्याला कधी वाटले नाही. खेड्यातल्या मुलाला कोळसा आणि भिंत पुरत असे.

अशाच एका भिंतीवर, गावातील देवळात, त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या काळी मुलाने देवळाच्या भिंतीवर चित्र काढणे, ही रागावून पुसून टाकण्याजोगी गोष्ट ठरू शकली असती. ते चित्र राहिले, हे गावाचे पहिले उपकार. पुढे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांचे सासवण्याला येणे झाले आणि त्यांची नजर त्या चित्रावर पडली.

रॉथफील्ड हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होते, पण केवळ सारा आणि दप्तर एवढ्यातच रमणारे नव्हते. ते लेखक होते. भारतीय स्त्रियांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथासाठी थोर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी चित्रे काढली, यावरून त्यांच्या रसिकतेची कल्पना येते. अशा माणसाला भिंतीवरील रेषांमधले बळ उमगले, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे. चित्राचे कौतुक करून, मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. जिल्ह्याच्या कलेक्टराने शाबासकी दिली, ही आठवण त्या घराला जन्मभर पुरली असती. रॉथफील्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकता यावे, अशी व्यवस्था लावून दिली.

या घटनेकडे भेट म्हणून पाहिले, तर तिचे मोल ध्यानात येते. रॉथफील्डांनी मुलाला रंग दिले असते, तर ते संपले असते. पैसे दिले असते, तर ते घराच्या गरजेला लागले असते. त्यांनी दिली ती वाट. ती वाट अस्तित्वात आहे, हे सासवण्याच्या मुलाला माहीत नव्हते. कलेक्टराच्या एका शब्दाने ते कळले आणि घरच्यांनाही मुलाला मुंबईला धाडण्याचा धीर आला. होतकरू मुलाच्या बाबतीत हा धीर फार महत्त्वाचा असतो. हाताला कितीही यश असले, तरी कला शिकून पोट भरेल का, या शंकेपाशी निम्मी घरे अडतात. त्या शंकेला उत्तर देऊ शकेल असा एक विश्वासाचा माणूस भेटणे, हीच विनायकाला लाभलेली खरी भेट होती.

जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. करमरकर तेथे दाखल झाले, तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते आणि अध्यापकांत धुरंधर होते. शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांपुढे तर एक ताजा आदर्श होता. गणपतराव म्हात्रे यांनी याच शाळेत शिकत असताना मंदिरपथगामिनी हे शिल्प घडवून सर्वत्र नाव मिळवले होते. मराठी मुलगा शिल्पकार होऊ शकतो, हे त्या एका शिल्पाने सिद्ध केले होते. खेड्यात गणपती घडवणाऱ्या हातांना आता मानवी देहाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला मिळाला. हाडांची ठेवण, स्नायूंचा ताण, कपड्यांच्या चुण्या, व्यक्तीचे साम्य, हे सारे पाश्चात्त्य पद्धतीने शिकवले जाई. करमरकरांनी या शिक्षणाचे सोने केले. अंतिम परीक्षेत चमकून त्यांनी मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळवले.

पदक मिळाले तरी शिल्पकाराचा संसार पदकावर चालत नाही. चित्रकार कागदावर चार आण्यांत चित्र काढू शकतो, शिल्पकाराला जागा लागते, माती आणि प्लास्टर लागते, मदतनीस लागतात आणि काम सांगणारा माणूस लागतो. येथे करमरकरांना दुसरा गुणग्राहक भेटला. रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना कोलकात्यात येऊन काम करण्याचे निमंत्रण दिले. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली होती, त्यामुळे या घराण्याला महाराष्ट्र परका नव्हता. रवींद्रनाथांच्या घरे बाइरे या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर करणारे सुरेंद्रनाथ ते हेच. करमरकर कोलकात्याला गेले, तेथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि वंगभूमीतील रसिकांत नाव मिळवले. पुढे १९२० च्या सुमारास ते लंडनला गेले आणि तेथील रॉयल अकादमीत त्यांनी शिल्पकलेचा अधिक अभ्यास केला. सासवण्याच्या अंगणापासून लंडनपर्यंतचा हा प्रवास एका तरुणाने वयाच्या तिशीच्या आसपास पुरा केला होता.

रॉथफील्डांनी वाट दाखवली, सुरेंद्रनाथांनी काम दिले. या दोन भेटींची जात वेगळी आहे आणि दोन्ही लागतात. शिक्षण पुरे झाल्यावर कलावंताला कौतुकापेक्षा कामाची अधिक भूक असते. आपल्या कामावर कोणी विश्वास टाकला आहे, त्याची मुदत ठरली आहे आणि त्याचे दाम मिळणार आहे, या जाणिवेने हाताला शिस्त लागते.

या शिस्तीची कसोटी पाहणारे काम लवकरच चालून आले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या पुढाकाराने पुण्यात शिवस्मारक उभे करण्याचे ठरले होते. १९२१ साली तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवण्यात आली. पुढल्याच वर्षी शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी हे कार्य पुढे नेले. महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडवण्याची कामगिरी करमरकरांकडे आली, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची सर्वांत अवघड परीक्षा मानतात. घोड्याच्या चार पायांवर घोड्याचा आणि स्वाराचा सारा भार तोलायचा असतो. घोड्याचा डौल वाढला, तर स्वार फिका पडतो आणि स्वारावरच लक्ष ठेवले, तर घोडा लाकडी वाटतो. शिवाय येथे स्वार होता तो महाराष्ट्राच्या हृदयात बसलेला राजा. प्रत्येक मराठी माणसाच्या मनात महाराजांची मूर्ती ठरलेली, त्या सर्व मूर्तींना पटेल अशी एक मूर्ती धातूत उतरवायची होती. आधी मातीत नमुना, मग त्यावरून प्लास्टरचा साचा, मग धातूचे ओतकाम, असा हा लांबलचक क्रम. मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून जोडले जातात, कारण एवढा धातू एकाच वेळी वितळवून ओतणे जोखमीचे असते. रस मध्येच थिजला किंवा साच्यात हवा कोंडली, तर महिनोन् महिन्यांची मेहनत वाया जाते. करमरकरांचा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आणि आठ टन वजनाचा हा पुतळा मुंबईत माझगाव गोदीत अखंड ओतण्यात आला. त्या काळच्या मानाने हे साहसच होते.

जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले. करमरकर तेव्हा ३६ वर्षांचे होते. लहानपणी देवळाच्या भिंतीवर ज्या राजाचे चित्र त्यांनी काढले, त्याच राजाला त्यांनी कांस्यात चिरंतन केले होते. मुलांच्या हातून जे पहिल्यांदा उमटते, त्याला मोठी माणसे पोरखेळ म्हणून हसतात. पण तेच पुढे आयुष्याचा विषय ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या पुतळ्याने करमरकरांची कीर्ती देशभर झाली आणि मान्यवरांच्या पुतळ्यांची कामे त्यांच्याकडे येत राहिली. तरीही स्मारकशिल्पांवर त्यांचे मन भरले नाही. स्नेह्यांत नानासाहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिल्पकाराची ओढ सासवण्याकडेच राहिली. तेथील घरात त्यांनी आपल्या आवडीची शिल्पे घडवली. कोळीण, गावातील साधी माणसे आणि गुरेढोरे हे त्यांचे विषय होते. अंगणातील म्हैस पाहून खरीच म्हैस बसली आहे, असा भास होतो. शंखध्वनीसारखे भावमधुर शिल्पही त्यांच्याच हातचे. कांस्य आणि दगड यांच्याइतक्याच आदराने त्यांनी सिमेंटसारखे साधे साहित्यही हाताळले. घरे बांधायच्या सिमेंटमध्ये त्यांनी कातडीचा मऊपणा आणि हाडांचा उंचवटा आणून दाखवला. साहित्य महाग असले तरच कला उंच होते, हा समज सासवण्याच्या अंगणात उभे राहिल्यावर टिकत नाही.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी सासवण्याचे घर शिल्पालय म्हणून रसिकांना खुले केले. सुमारे दीडशे शिल्पे तेथे नांदत आहेत. एका मुलाला मिळालेल्या भेटीची परतफेड म्हणून त्या घराने पुढच्या साऱ्या मुलांना दिलेली ही भेटच म्हटली पाहिजे.

आता हर्णेच्या, किंवा कोणत्याही गावच्या, चित्रवेड्या मुलाकडे वळू. प्रत्येक गावाला रॉथफील्ड लाभेल, असे नाही. पण त्यांनी जे केले, त्याचा लहानसा वाटा कोणताही मामा, आत्या, आजोबा किंवा शेजारी उचलू शकतो. पहिली भेट जागेची. घरातील एक भिंत, पडवीचा एक कोपरा मुलाच्या नावाने सोडावा आणि तेथे डाग पडले, तर बोलू नये. दुसरी भेट मातीची. चार-पाच किलो शाडू, ती ओली ठेवायला फडके आणि प्लास्टिक, बांबूच्या घरीच तासलेल्या दोन-तीन कोरण्या, एवढ्यावर शिल्पकलेची सुरुवात होते. कोकणात श्रावणात गणपतीच्या शाळा गजबजतात. ओळखीच्या मूर्तिकाराला विनंती करून मुलाला महिनाभर हाताखाली धाडले, तर ते शिक्षण पैशाने विकत मिळणार नाही.

दुकानातूनच काही आणायचे, तर संख्येपेक्षा प्रतीकडे पाहावे. अठ्ठेचाळीस रंगांच्या पेटीपेक्षा चांगल्या प्रतीचे सहा रंग बरे, कारण मिश्रण करण्याची सवय त्यातूनच लागते. जाड, कोऱ्या कागदाची लहान वही, दोन-बी ते सहा-बी अशा मऊ पेन्सिली आणि थोडा चित्रकलेचा कोळसा, एवढे सामान पिशवीत मावते. ते घेऊन मुलगा बंदरावर बसू शकतो. लिलावाच्या गर्दीत माणसे क्षणभरही थांबत नाहीत, म्हणून झटपट रेखाटनाचा सराव तेथे उत्तम होतो. घरच्यांना बिनखर्चाची आणखी एक भेट देता येईल. संध्याकाळी दहा मिनिटे मुलासमोर स्वस्थ बसावे, म्हणजे त्याला रेखाटायला जिवंत माणूस मिळेल. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कोणत्याही पुस्तकातील चित्रापेक्षा अधिक शिकवतात.

त्याहून मोठी भेट प्रवासाची. सासवण्याचे शिल्पालय एका सुटीत दाखवता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातच चिपळूण तालुक्यात डेरवणला शिवचरित्रावरील शिल्पांची शिवसृष्टी आहे आणि जवळच सावर्डे येथे कला महाविद्यालय आहे. आपल्याच जिल्ह्यातील मुले तेथे शिकत आहेत, हे डोळ्यांनी पाहिले, की मुलाचा संकोच आणि पालकांची भीती दोन्ही कमी होतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना वेळेवर बसवणे, त्यांचे शुल्क भरणे आणि कलाशिक्षकांना भेटून पुढील वाट विचारणे, ही भेट कागदात गुंडाळता येत नाही, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

शेवटची भेट कामाची. होडीवरचे नाव, शाळेच्या भिंतीवरचे चित्र, लग्नाच्या घरातली सजावट, असे एखादे काम मुलावर सोपवावे, मुदत ठरवून द्यावी आणि काम झाल्यावर योग्य ते पैसे हातावर ठेवावेत. आपल्या कलेला कोणाला तरी गरज आहे, हे त्या वयात कळले, तर मूल कला सहसा सोडत नाही. ते मूल पुढे नामवंत शिल्पकार होईलच, असे नाही. बहुतेक जण होणार नाहीत. पण पाहण्याची, घडवण्याची आणि हाती घेतलेले पुरे करण्याची जी सवय लागेल, ती बंदरावर, बोटीवर किंवा कचेरीत, कोठेही उपयोगी पडेल.

करमरकरांच्या चरित्रातून घ्यायचे ते एवढेच, की मुलाने काढलेले चित्र पुसण्यापूर्वी त्याच्यासमोर क्षणभर उभे राहावे. ते पसंत पडले, तर नुसते कौतुक करून पुढे जाऊ नये. या मुलाला आता काय शिकायला हवे आणि ते कोठे मिळेल, हे त्याच दिवशी कोणाला तरी विचारावे.